घनाचे आठ कोपरे आणि पाटणचं पळीभर तेल

गणित शिकवायला पैसा लागतो म्हणतात. किती लागतो, त्यावर जरा बोलू या.

आमच्या धुळ्याच्या गल्लीत पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे. ड्रॉइंगला अडली होती. समोरून, वरून, बाजूने सगळं पाठ, पण डोळ्यांपुढे वस्तू काही उभी राहीना. माझ्याकडे टीआय-८३ प्लस हा जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर होता, परदेशातल्या भाच्याने दिलेला. पडदा काळा-पांढरा, ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. चार बारीक सेलवर चालतो. तिला म्हटलं, यावर एक डबा फिरवून दाखव.

काम एवढंच. घनाला आठ कोपरे, बारा कडा. प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे: आडवा, उभा, खोली. डबा फिरवायचा तर नवा आडवा म्हणजे जुना आडवा गुणिले कोसाइन, वजा खोली गुणिले साइन. नवी खोली म्हणजे आडवा गुणिले साइन, अधिक खोली गुणिले कोसाइन. उभा तसाच राहतो. मग डोळ्यापासूनच्या अंतराने आडव्या-उभ्याला भागायचं. लांबचं लहान दिसतं ते या भागाकारामुळे. शेवटी बारा रेषा ओढायच्या.

यंत्र इतकं हळू की एकेक कड ओढली जाताना दिसते. तेच कामी आलं. नंतर तिने भागाकार काढून टाकला, डबा ४५ अंश फिरवला, मग पुढे साधारण ३५.२६ अंश झुकवला. पडद्यावर तिच्या वहीतलं आयसोमेट्रिक! आजीने विचारलं, "हाई काय शे?" पोरगी म्हणे, "डबा शे, आजी."

आपल्याकडे बारावी बोर्डाला लॉग टेबल आणि इंजिनिअरिंगला प्रोग्राम न होणारा कॅल्क्युलेटर. अमेरिकेत सॅट परीक्षेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालतो. परीक्षेचे नियम बदला, असं माझं म्हणणं नाही. पण जे परीक्षेत नाही ते वर्गातही नाही, हे कशासाठी? आणि यासाठी महागडं यंत्र घ्यायलाच पाहिजे असंही नाही. जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटच्या पायथनमध्ये हाच डबा फिरतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेत असे कॉम्प्युटर आहेत. वर कापड, दाराला कुलूप. कारण काय, तर "बिघडलं तर जबाबदारी कोणाची?"

आता आपल्याच जिल्ह्यांतली गोष्ट. दोन कोनांच्या बेरजेची ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साइन, काढायची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त दिली आहे. डबा फिरवायचं सूत्र त्याच घरातलं. त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. १२०७ सालचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं, हे त्यात आहेच. पण शेवटच्या मराठी ओळी वाचा. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, आणि गावातल्या प्रत्येक तेलघाण्याने पळीभर तेल द्यायचं ठरलं.

म्हणजे गणिताची शाळा एकट्या राजाच्या भरवशावर नव्हती. तेली, व्यापारी, गिऱ्हाईक सगळ्यांचा त्यात वाटा होता.

आज पळीभर तेल म्हणजे काय? आठवड्यातून दोन तास लॅबमध्ये बसणारा एखादा निवृत्त मास्तर. की-बोर्ड बिघडला तर वर्गणी काढणारे चार दुकानदार. जळगाव-धुळ्यात यातलं काय कमी आहे सांगा!

शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तुम्ही असाल तर पुढच्या बैठकीत एकच विचारा: लॅबची किल्ली कोणाकडे आहे, आणि या महिन्यात ती किती वेळा फिरली? उत्तर इथे खाली लिहा. शाळेचं नाव नको, तालुका पुरे. धुळे शहरात कुठे दोन तास बसायचं असेल तर मी तयार आहे, कॅल्क्युलेटर घेऊन येतो.