सुईमागची नजर

दवाखान्याच्या पाटीवर 'बिनटाक्याचं ऑपरेशन' हे शब्द दिसले की पेशंटचे नातेवाईक निर्धास्त होतात. जांघेत किंवा मनगटावर दोन मिलिमीटरचं छिद्र, तेवढ्याच जागेची भूल, आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी घरी. यात खोटं काहीच नाही. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी हे आमचं काम लोक याच शब्दांनी ओळखतात. तरीही ही ओळख मला अपुरी वाटते, आणि काही वेळा धोक्याचीही. छिद्रावरून उपचाराची पारख केली की उपचार किरकोळ वाटू लागतो, आणि किरकोळ आहे म्हणून तो कुणालाही द्यायला हरकत नाही असंही वाटू लागतं. माझ्या मते या कामाची खरी किंमत पडद्यावर काय दिसतं आणि ते पाहून हात कुठे थांबतो, यात आहे. लहान जखम हा त्या पाहण्याचा जोडलाभ आहे.

हत्यारं तशी साधीच. धमनीत सुई घालायची, सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची, ही रीत स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी 1953 साली मांडली. आजही आमच्या बहुतेक केसेस तिथूनच सुरू होतात. जानेवारी 1964 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी अशाच नळ्यांनी आतून रुंद केली. पायाला गँगरीन झालेलं होतं, पाय कापण्याचा सल्ला मिळाला होता आणि बाई त्याला तयार नव्हत्या. पाय वाचला. डॉटर यांना ते धाडस करता आलं, कारण डाय सोडून काढलेल्या एक्स-रेत अडथळा नेमका कुठे आणि किती आखूड आहे हे त्यांना दिसत होतं.

ही नजर म्हणजे काय, हे खोकल्यातून रक्त पडणाऱ्या पेशंटच्या केसमध्ये सगळ्यात स्पष्ट कळतं. आपल्याकडे त्यामागे अनेकदा क्षयरोग असतो, कधी चालू, कधी बरा होऊनही फुप्फुसात पोकळ्या ठेवून गेलेला. हे रक्त फुप्फुसाच्या मोठ्या धमनीतून क्वचितच येतं. बहुतेक वेळा ते येतं श्वासनलिकांना पोसणाऱ्या, महाधमनीतून निघणाऱ्या बारीक फांद्यांतून. आजारामुळे त्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या असतात. नळीचं टोक अशा फांदीच्या तोंडाशी बसवायचं आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे कण, एका मिलिमीटरच्या निम्म्याहूनही लहान, रक्ताच्या ओघावर सोडायचे. पण कण सोडण्याआधी डाय सोडून थांबायचं असतं. कारण कधीकधी त्याच फांदीतून मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी निघालेली असते. पडद्यावर ती केसांतल्या आकड्यासारखी दिसते: बारीक रेघ वर चढते, मध्यावर वळते आणि सरळ खाली उतरते. ती ओळखली नाही तर रक्त थांबेलही, पण माणूस कमरेखाली लुळा पडू शकतो. ती दिसली की आणखी बारीक नळी तिच्या पलीकडे न्यायची. तेही सुरक्षितपणे जमत नसेल तर हात मागे घ्यायचा आणि दुसरा मार्ग शोधायचा. कणांच्या मापाचंही तसंच. फार बारीक कण नको तिथपर्यंत वाहून जातात आणि धडधाकट ऊती मारतात. अशी केस तासाभरात संपते किंवा तीन तास चालते. मांडीवरचं छिद्र दोन्ही वेळा तेवढंच असतं.

याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा पक्षाघाताच्या उपचारात मिळतो. मेंदूच्या धमनीतली गुठळी नळीवाटे काढण्याचा फायदा तपासणाऱ्या तीन चाचण्या 2013 साली प्रसिद्ध झाल्या, आणि तिन्हींत तो सिद्ध झाला नाही. त्यांतल्या सर्वांत मोठ्या, 656 पेशंटांच्या चाचणीत मोठी धमनी खरोखर बंद आहे का, हे अनेकांच्या बाबतीत आधी पाहिलेलंच नव्हतं. दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या 500 पेशंटांच्या चाचणीने ते आधी दाखवण्याची अट घातली. तीन महिन्यांनंतर रोजचे व्यवहार कुणाच्या आधाराशिवाय करू शकणारे पेशंट नेहमीच्या उपचारांत 19.1 टक्के होते, गुठळी काढण्याची जोड दिलेल्यांत 32.6 टक्के. मधल्या काळात साधनंही सुधारली होती, गुठळी जाळीत पकडून ओढता येऊ लागली होती. त्यामुळे सगळं श्रेय पाहण्याला देणं चुकीचं ठरेल. छिद्राला मात्र त्यातलं काहीच देता येत नाही.

मग पाहून केलेलं सगळंच योग्य का, असा प्रश्न कुणी विचारेल. तसं नाही, आणि आमच्या क्षेत्रात हे ऐकणं अनेकांना जड गेलं. हाडं ठिसूळ होऊन दबलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याचा उपचार जगभर होत होता. 2009 साली दोन चाचण्यांनी त्याची तुलना लटक्या उपचाराशी केली. एकीत तर सिमेंटचा वास खोलीत यावा म्हणून बाटलीही उघडली, फक्त ते मणक्यात भरलं नाही. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. फिल्ममध्ये दबलेला मणका दिसतो, दुखणं दिसत नाही. म्हणून नजरेचीही परीक्षा घ्यावी लागते, आणि ती प्रामाणिक तुलनेनेच होते. काही निवडक पेशंटांत या उपचाराला जागा आहे असं मी मानतो, पण सरसकट नाही.

पेशंटच्या लेखी लहान जखम ही लहान गोष्ट नसते, हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपचार पॅरिसमधून 1995 साली पुढे आला. ब्रिटनमधल्या चाचणीत त्याची शस्त्रक्रियेशी तुलना झाली, तेव्हा रुग्णालयातला मुक्काम साधारण एक दिवसाचा ठरला, शस्त्रक्रियेनंतरचा पाच दिवसांचा. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या बायकांचं आयुष्य सारखंच सुधारलेलं होतं. हातावर पोट असलेल्या बाईला ते चार दिवस फार मोलाचे. पण पाच वर्षांत नळीच्या उपचारानंतर सुमारे 32 टक्के बायकांना पुन्हा काही उपचार लागले, शस्त्रक्रियेनंतर 4 टक्के. 2020 सालच्या दुसऱ्या चाचणीत, पिशवी राखून फक्त गाठी काढणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरचा आयुष्याचा दर्जा दोन वर्षांनी सरस निघाला. हे आकडे आमच्या बाजूचे नाहीत, तरी ते आम्हीच आधी सांगायला हवेत. आपल्याकडे 'पिशवी काढून टाका' हा सल्ला फार सहज दिला जातो. त्याच्या जागी 'नळीने बंद करून टाका' हा तितकाच सहज सल्ला आला, तर बाईच्या पदरात काय पडलं?

म्हणून फायब्रॉइडसाठी ज्यांना पिशवी काढायला सांगितली आहे, त्यांना माझी विनंती आहे. सही करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट, दोघांनाही भेटा. एमआरआयची फिल्म समोर लावायला सांगा. गाठ कुठे आहे, तिला रक्त कुठून येतं, पुढे मूल हवं असेल तर काय, आणि पाच वर्षांत पुन्हा यावं लागण्याची शक्यता किती, हे विचारा. छिद्र किती मोठं, हे सगळ्यात शेवटी विचारलंत तरी चालेल.