कडी आतून आहे!

गिरगावातल्या आमच्या चाळीत मजल्यावर आठ बिऱ्हाडं होती आणि धड चालू असलेला संडास एकच. सकाळी टमरेल घेऊन रांग. आतल्याने कडी लावली की बाहेरच्या सात घरांनी गप उभं राहायचं. घाई कितीही असो, दोन माणसं एका वेळी आत कधीच गेली नाहीत. याला लॉक म्हणतात हे मला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कळलं. कन्सेप्ट मात्र पहिलीतच क्लिअर होता.

आता मी पुण्यात याच कडीकोयंड्यांवर पगार घेतो. आमचं प्रॉडक्ट म्हणजे फायरवॉल. लिनक्सच्या कर्नलमध्ये आमचा एक तुकडा बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नोंद एका मोठ्या टेबलात शोधतो. या टेबलाला एकच लॉक होतं. एका कोअरने टेबल धरलं की बाकीचे दारात घिरट्या घालणार. आणि हे अक्षरशः! स्पिनलॉकची वाट पाहणारा कोअर झोपत नाही, ‘झालं का? झालं का?’ करत जागच्या जागी फिरत राहतो.

एका कस्टमरने हौसेने आठ कोअरचं मशीन घेतलं. वेग आला दोन कोअरइतकाच. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी ऐटीत म्हणालो, “हा कोड लिहिला कुणी, राव?”

लिहिला होता माझ्या जुन्या टीम लीडने. मी फ्रेशर असताना ज्याच्या शेजारी खुर्ची ओढून काम शिकलो, त्याने. तो तोवर कंपनी सोडून गेला होता. गेलेल्या माणसाच्या कोडला नावं ठेवणं हा आयटीतला सगळ्यात सेफ खेळ असतो, नाही का?

खरं तर त्याने वेगळं काहीच केलं नव्हतं. १९९६ च्या लिनक्स २.० ने एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालवायला सुरुवात केली, तीसुद्धा अख्ख्या कर्नलला एकच ‘बिग कर्नल लॉक’ घालून. १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट नावाच्या कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या पैशाने टेस्ट घेतली. चार प्रोसेसर, चार नेटवर्क कार्डं आणि विंडोज एनटीसमोर लिनक्स हरलं. आधी भरपूर आरडाओरडा झाला. पण एक दुखणं खरंच होतं, नेटवर्कचा कोड एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालायचा. २००१ च्या लिनक्स २.४ मध्ये ते निस्तरलं. फ्रीबीएसडीवाल्यांच्या लॉकचं तर नावच ‘जायंट’. त्यांचं नेटवर्क या जायंटच्या तावडीतून सुटलं २००४ च्या ५.३ मध्ये. लिनक्सचं ते मूळचं मोठं लॉक संपूर्ण निघायला २०११ साल उजाडलं. म्हणजे १५ वर्षं! मी बॉसला सांगितलं होतं, तीन महिने.

सुरुवात झकास झाली. टेबलाचे खण पाडले, प्रत्येक खणाला स्वतंत्र लॉक. नुसतं वाचणाऱ्यांसाठी आरसीयू. म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं. सेक्रेटरी नवी नोटीस लावतो, जुनी वाचणाऱ्याला कुणी हटकत नाही, आणि सगळ्यांचं वाचून झालं की मगच जुनी रद्दीत जाते. वाचणाऱ्याला कडी लावावीच लागत नाही.

टेस्ट लावली. वेग थोडासाच वाढला. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा दिसलं, की सगळे कोअर पॅकेट मोजायला एकाच काउंटरवर तुटून पडत होते. आमच्या टू-बीएचकेतही हेच आहे. बाथरूम दोन, गीझर एक! प्रत्येक कोअरला स्वतःचा काउंटर दिला आणि बेरीज फक्त कुणी विचारल्यावर करायची असं ठरवलं. आता मात्र गाडी सुसाट सुटली. मी टीमला मिसळ खिलवली.

आणि त्याच शुक्रवारी रात्री मशीन गोठलं. एरर नाही, मेसेज नाही. एकदम ढिम्म.

एखादी नोंद एका खणातून दुसऱ्यात हलवताना दोन्ही लॉक लागतात. एका कोअरने पहिलं धरून दुसरं मागितलं, दुसऱ्याने नेमकं उलट. गल्ली क्रिकेटमध्ये एकाकडे बॅट, दुसऱ्याकडे बॉल, आणि दोघंही “आधी तू दे” म्हणत संध्याकाळ घालवतात, तसं. हाच डेडलॉक. हे पकडायला लिनक्समध्ये २००६ पासून ‘लॉकडेप’ आहे. कोणती लॉकं कोणत्या क्रमाने घेतली हे तो लक्षात ठेवतो आणि क्रम उलटा झाला की प्रत्यक्ष अडकण्याआधीच ओरडतो. मी तो बंद ठेवला होता. कारण? त्याने टेस्ट हळू होते!

चालू केल्यावर काही मिनिटांत त्याने नेमकी जागा दाखवली. मी जुना कोड उघडून ती जागा पाहिली आणि पोटात गोळा आला. तिथे लीडची एक कॉमेंट होती: नोंद हलवताना दोन्ही जागा एकदम बदलतात, इथे जपून. पहिल्याच दिवशी, साफसफाईच्या नावाखाली, ती मीच उडवली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. मीटिंगमधल्या त्या वाक्यासकट सगळं सांगून टाकलं. तो हसला. म्हणाला, “अरे, तेव्हा मशीनला दोनच कोअर होते आणि माझ्या हातात सहा आठवडे. चुकीचं पळण्यापेक्षा बरोबर रांगलेलं बरं. शिवाय एकच लॉक असेल तर तो स्वतःशी कसा भांडेल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक मोठं लॉक हळू असतं, पण त्याच्या भरवशावर झोप लागते. छोटी शंभर लॉकं वेग देतात आणि त्या बदल्यात प्रत्येकाने क्रम पाळायची शिस्त मागतात. आम्ही नियम केला, कमी नंबरच्या खणाचं लॉक नेहमी आधी. एवढ्या एका वाक्याने ते गोठणं थांबलं.

हे काम कधी संपत नाही, तेही कळलं. लिनक्समध्ये नेटवर्कच्या सेटिंग्जवर पहारा देणारं ‘आरटीएनएल’ नावाचं मोठं लॉक आहे, त्याचे तुकडे पाडायला २०२४ मध्ये कुठे सुरुवात झाली. मग माझे तीन महिने पाच झाले, तर बॉसने एवढं काय मनावर घ्यायचं?

लीडची कॉमेंट मी होती तिथे परत लावली. तिच्याखाली माझ्या दोन ओळी: हे लॉक काय सांभाळतं आणि कोणत्या क्रमाने घ्यायचं. उद्या मीही ही कंपनी सोडेन, आणि कुणीतरी ऐटीत विचारेलच, “हा कोड लिहिला कुणी, राव?” विचारू दे. फक्त त्या ओळी उडवू नको म्हणावं.