तलावाकाठचा गरीब

गरिबी म्हणजे काय हे कळायला माणसाने एक तर गरीब असावं लागतं, नाही तर अमेरिकन मालिका पाहाव्या लागतात. पहिली सोय आमच्या तीर्थरूपांनी करूनच ठेवली होती. दुसरी आमच्या कन्येने केली. वय वर्षं सोळा. तिच्या कृपेने मी सबंध मे महिना 'द ओ. सी.' पाहिली. मालिका जुनीच, २००३ साली सुरू होऊन २००७ साली संपलेली.

ओ. सी. म्हणजे कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी. तिथल्या न्यूपोर्ट बीच या धनाढ्य गावात रायन नावाचा मुलगा येऊन पडतो. मूळचा चिनो गावचा. भावाबरोबर मोटार चोरताना पकडलेला, आईने घराबाहेर काढलेला. त्याचा सरकारी वकील सँडी कोहेन इतका सज्जन, की अशिलाला थेट घरीच घेऊन येतो. (आमच्या वाटणीच्या दाव्यात वकीलसाहेबांनी मला आजवर साधा चहा विचारलेला नाही.) आता या पोराची झोपायची सोय कुठे? तर पोहण्याच्या तलावाकाठी बांधलेल्या वेगळ्या घरात! ते पाहून आमची ही म्हणाली, "अहो, यात आपला सगळा ब्लॉक मावून शेजारच्या वहिनींची गॅलरीसुद्धा बसेल."

चार-सहा भाग पाहिल्यावर मला या मालिकांची पाककृती उमगली. बाहेरून आलेलं एक पोर पाहिजे. ते गरिबांसाठी नसतं, आपल्यासाठी असतं. श्रीमंतांना स्वतःचा तलाव दिसतच नाही. त्याच्याकडे आ वासून बघायला कुणी तरी लागतं. १९९० साली सुरू झालेल्या 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' मध्ये हे काम मिनेसोटाहून आलेल्या वॉल्श भावंडांकडे होतं.

मग पार्टी. यात लेखकाचाही नाइलाज असतो. चिनोचा मुलगा आणि बंगल्यातली मुलगी एरवी भेटणार कुठे? रेशनच्या रांगेत? म्हणून काही ना काही समारंभ काढायचा. धर्मादाय फॅशन शो काय, समुद्रकाठचा जल्लोष काय! सगळी मंडळी एका मांडवात आली की कुणाचं तरी गुपित फुटतं, रायन कुणाला तरी ठोसा लगावतो आणि जाहिराती लागतात. पहिल्याच सीझनचे भाग २७. आपल्याकडे हे काम लग्नं करतात. फक्त गुपित फोडायला आपल्याला लेखक लागत नाही, मावश्या असतात.

आणि एका श्रीमंताचं दिवाळं. नायिका मरिसाचे वडील जिमी कूपर गिऱ्हाइकांचे पैसे परस्पर वापरताना उघडे पडतात. त्या दिवशी आमच्या घरात जे समाधान पसरलं, ते माझ्या पगारवाढीनेही कधी पसरलं नव्हतं. मालिकेचा खरा माल हाच. श्रीमंतीचं मनसोक्त दर्शन घ्यायचं, आणि वर ती सुखाची नसते अशी पावतीही फाडून घ्यायची. पुढे मरिसाच्या आईवर ट्रेलर पार्कात राहायची पाळी येते, पण काही भागांपुरती. श्रीमंतांची गरिबी ही अशी हवापालटासारखी. रायनचं चिनो मात्र हळूहळू दिसेनासंच होतं.

याच मालिकेच्या जोश श्वार्ट्झने स्टेफनी सॅव्हेजबरोबर पुढे 'गॉसिप गर्ल' काढली (२००७ ते २०१२). तिच्यातला गरीब म्हणजे डॅन हम्फ्री. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहतो. वडिलांची चित्रांची गॅलरी, घर म्हणजे ऐसपैस लॉफ्ट. बिचारा! शेवटच्या भागात कळतं, सगळ्यांची बिंगं फोडणारी गॉसिप गर्ल म्हणजे हाच. त्या मंडळींत शिरकाव व्हावा म्हणून गड्याने गोष्टच स्वतः लिहायला घेतली! (ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांची क्षमा मागतो; पण २०१२ ला आता बराच काळ लोटला.)

त्याच आठवड्यात मी कन्येला मैत्रिणीच्या वाढदिवसाला सोडायला गेलो होतो. तीस मजली इमारत, खाली क्लब हाऊस. "बाबा, स्कूटर इथेच थांबव," ती म्हणाली. फाटक अजून शंभर पावलांवर होतं. मी थांबवली.

रात्री डॅनचा तो लॉफ्ट बघताना तिने विचारलं, "हा जर गरीब, तर मग आपण कोण रे बाबा?"

"आपण मध्यमवर्गीय."

"ते यात नसतातच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनेच मग 'फ्रायडे नाइट लाइट्स' शोधून काढली (२००६ ते २०११). टेक्ससमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव, शाळेचा फुटबॉलचा संघ. त्यातला मॅट सॅरासन. बाप इराकमध्ये लष्करात, घरी विस्मरणाने गोंधळणारी आजी, आणि हा खेळ सांभाळून बर्गर-आइस्क्रीमच्या दुकानात राबणारा. इथे गोष्ट पार्टीपाशी अडत नाही, आजीपाशी अडते. पोराने चार तास बाहेर जायचं म्हटलं तर घरी कोण? कन्येने फोन बाजूला ठेवला होता. ही स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "अहो, हा मॅचला गेला की म्हातारीला औषध कोण देतं?"

सबंध 'ओ. सी.'त तिला असला प्रश्न पडला नव्हता. दुसऱ्या सीझनमध्ये आजीचं करायला कार्लोटा नावाची बाई घरी राहायला येते, तेव्हा कुठे हिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच मला म्हणाली, "जेवूनखाऊन किती घेत असेल हो?"