कोणता चतुर?

शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हा निबंधाच्या वह्या तपासणं हे माझं आवडीचं काम. मुलं लिहायची, 'तळ्याकाठी सुंदर झाडे होती. झाडांवर पक्षी किलबिलत होते.' मी लाल शाईनं बाजूला लिहायचो, 'कोणती झाडे? कोणते पक्षी?' पुढच्या निबंधात वड आणि बुलबुल आले की मला बरं वाटायचं. तीच लाल शाई म्हातारपणी माझ्या वहीत परत आली, त्याची ही गोष्ट.

गेल्या वर्षी गणपतीत नात आली होती. सकाळी माझ्याबरोबर गावाबाहेरच्या तळ्यावर फिरायला यायची. लव्हाळ्याच्या टोकावर एक लालभडक चतुर बसला होता.

"आजोबा, हा कोणता?"

"चतुर."

"ते कळलं हो. पण कोणता चतुर?"

मी गप्प. सत्तरी उलटली, पण चतुराला आणखी काही नाव असतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्या लहानपणी लाल, पिवळा, निळा एवढ्यावर भागायचं. आम्ही ते पकडायचो, शेपटीला दोरा बांधायचो आणि उडवायचो. कुणाचा चतुर मोठा खडा उचलतो यावर पैजा लागायच्या. संध्याकाळी तो मेलेला असायचा आणि दुसऱ्या दिवशी नवीन पकडायचा.

नातीनं मोबाइलवर फोटो काढला आणि शोधाशोध सुरू झाली. के. ए. सुब्रमण्यन यांचं दक्षिण भारतातल्या चतुरांवरचं २००५ सालचं पुस्तक इंटरनेटवर मिळालं. मुलानं त्यातली पानं छापून आणून दिली. माझं इंग्रजी बेताचंच, पण चित्रं आहेत आणि शब्दकोश आहे. त्यात समजलं की भारतात यांच्या सुमारे ५०० जाती आहेत!

पहिला धडा चतुर आणि टाचणी यांतला फरक. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर. पाठीवर मिटून घेते ती टाचणी. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून फसवतात. मग डोळे बघायचे. टाचणीचे डोळे दोन टोकांना लांब असतात, तर बहुतेक चतुरांचे एकमेकांना चिकटलेले.

आमचा लालभडक पाहुणा निघाला स्कार्लेट स्किमर. शेजारी एक पिवळसर चतुर होता, तो मी आठवडाभर वेगळी जात म्हणून वहीत मांडला. नंतर कळलं, ती त्याचीच मादी! गटाराच्या बाजूला नारिंगी पंखांचा असतो तो डिच ज्वेल. गटारातलं रत्नच म्हणायचं. अंगावर हिरवट-काळे पट्टे असलेला सडपातळ चतुर दुसऱ्या चतुरांनाही धरून खातो, हेही डोळ्यांनी पाहिलं. माझ्या वहीत आता चौदा नावं आहेत. सौ. म्हणतात, "पगार नाही मिळायचा हो याचा." असो.

गणपती गेले की मैदानावर पिवळे चतुर थव्यानं घिरट्या घालतात, ते तुम्हीही पाहिले असतील. त्याचं नाव वांडरिंग ग्लायडर. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं, की दर ऑक्टोबरच्या सुमारास तिथे यांचे थवे येतात, आणि त्या बेटांवर तर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. मग हे येतात कुठून? २००९ साली त्यांनी मांडलं, की हे भारतातून निघतात आणि वाऱ्याच्या साथीनं समुद्र ओलांडून पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना. दोरा बांधून मी ज्यांना खडे उचलायला लावले त्यांत काही हेही असणार. आफ्रिकेला निघालेल्याला मी अंगणात अडकवून ठेवलं होतं.

पण खरी चूक पुढे आहे आणि ती लहानपणची नाही.

चतुराचं बहुतेक बालपण पाण्यात जातं. मादी पाण्यात किंवा पाणवनस्पतींत अंडी घालते. त्यातून निघालेलं पिल्लू तळाच्या चिखलात, शेवाळात राहतं आणि डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं खातं. त्याचा खालचा ओठ घडीचा असतो, तो झटकन लांब फेकून ते सावज पकडतं. फुलपाखरासारखा कोश नाही. पूर्ण वाढ झाली की ते रात्री किंवा पहाटे गवताच्या काडीवर चढतं, पाठीवरची कातडी उकलते आणि आतून चतुर बाहेर येतो. रिकामी कात काडीला तशीच चिकटून राहते.

हे वाचून मी पहाटे कात शोधायला गेलो. पलीकडच्या, लव्हाळ्याच्या काठावर तासाभरात एकवीस सापडल्या. मातकट रंग, पाठीला चीर, आणि सहा पायांनी काडी धरलेली. अलीकडच्या, रस्त्याच्या काठाला एकही नाही.

कारण रस्त्याकडचा काठ सिमेंटचा आहे. तो तसा व्हावा म्हणून आम्ही फिरायला जाणाऱ्या मंडळींनी काही वर्षांपूर्वी अर्ज केला होता. 'काठावरील गवत व चिखल काढून तलावाचे सुशोभीकरण करावे.' हे वाक्य माझं. अक्षरही माझंच. सगळे म्हणाले, गुरुजी, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर मोत्यासारखं. अर्ज मंजूर झाल्यावर मी पेढे वाटले होते. 'गवत' लिहिताना कोणतं गवत, त्यात कोण राहतं, हा प्रश्न मला पडला नाही. मुलांच्या वहीत मी तो नक्की काढला असता.

आता उरलेल्या काठाचंही काम होणार आहे. म्हणून गेल्या महिन्यात मी दुसरा अर्ज लिहिला, की पलीकडचा काठ आहे तसा राहू द्यावा. सह्यांसाठी बाकावर बसलो तर मित्र हसायला लागले. एक जण म्हणाले, "गुरुजी, गवत म्हणजे डास." मी म्हटलं, "उद्या सहा वाजता या." तिघे आले. त्यांना काता दाखवल्या. बरणीत पाणी घेऊन एक पिल्लू दाखवलं. आमच्यासमोरच त्यानं डासाची अळी गट्ट केली. तिघांपैकी दोघांनी सही केली. तिसरे म्हणाले, "बघू." पहिल्या अर्जावर अकरा सह्या होत्या, यावर माझ्यासकट तीन आहेत. तो मी नेऊन दिला. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

एक मात्र सांगायला हवं. सिमेंटचा काठ अगदीच ओसाड नाही. त्या राखाडी भिंतीवर परवा एक चतुर बसलेला दिसला, म्हणजे जवळजवळ दिसलाच नाही, इतका भिंतीच्या रंगाचा. ग्रॅनाइट घोस्ट. खडकातल्या डबक्यांत, सिमेंटच्या टाक्यांतसुद्धा वाढतो तो. त्याला आमची भिंत चालते. बाकीच्या तेरांचं काय, एवढाच प्रश्न आहे.

रविवारी नातीचा फोन आला. "आजोबा, लाल चतुर आहे का अजून?"

"आहे. पलीकडच्या काठाला आहे."

"किती?"

मोजले नव्हते. उद्या सकाळी वही घेऊन जातो.