पॅलक्सीच्या पात्रातली पावलं

डॅलसला राहून इतकी वर्षं झाली, तरी दीड तासावरचं ग्लेन रोज आमचं पाहायचं राहिलंच होतं. २०२२ च्या ऑगस्टात दुष्काळानं पॅलक्सी नदी आटली, एरवी पाण्याखाली असणारे डायनोसॉरचे ठसे उघडे पडले, आणि आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून निघालो.

वाटेत चिरंजीवांचा प्रश्न : "माझा मित्र म्हणतो, तिथे माणसांची पावलं पण आहेत. सायंटिस्ट लोकांनी ते लपवून ठेवलंय. खरं का?"

म्हटलं, चल, बघू या.

डायनोसॉर व्हॅली स्टेट पार्कात कोरड्या खडकावर तीन बोटांचे ठसे ओळीनं गेलेले, तर कुठे घंगाळाएवढे खड्डे. वय सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षं! एका ठशात आमचे चिरंजीव मांडी घालून बसले.

माणसाच्या पावलांची कथाही मजेदार. १९३० च्या मंदीत इथले काही लोक ठसे कापून विकत. मग कुणी दगडात माणसाची भलीमोठी पावलंही कोरली. ती पाहूनच १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमचे रोलंड बर्ड इथे आले. पावलं खोटी हे त्यांनी ओळखलं, पण नदीत खरा खजिना सापडला!

नदीतले काही लांबट ठसे मात्र कोरीव नव्हते. डायनोसॉर टाच टेकवून चालला आणि बोटांच्या खुणा गाळानं बुजल्या, की ठसा माणसाच्या पावलासारखा दिसतो. ग्लेन कुबन या हौशी अभ्यासकानं १९८० च्या दशकात खडकाच्या रंगातल्या फरकावरून ती बुजलेली तीन बोटं दाखवून दिली. त्यानंतर माणसाच्या पावलांवर चित्रपट काढणाऱ्यांनीच तो मागे घेतला. तरी पार्काजवळच्या क्रिएशन एव्हिडन्स म्युझियममध्ये माणूस नि डायनोसॉर एकत्र नांदले, असंच सांगतात.

परतताना आम्ही जरा हसलो. मागून आवाज आला, "पण बाबा, मागच्या गणपतीत तूच सांगत होतास ना, पुष्पक विमान खरं होतं, पुरावे इंग्रजांनी लपवले म्हणून?"

गाडीत शांतता. सौ. खिडकीबाहेर बघू लागल्या.

मुलांना आपलं काही थोर वाटावं म्हणून आपण थोडं फुगवून सांगतो. पण त्यातलं एक खोटं निघालं, की आजीनं सांगितलेली खरी गोष्टही ती फुगवलेलीच समजणार. "पाहिलं नव्हतं रे, नुसतं ऐकलं होतं," आम्ही कबूल केलं. "मग गोष्ट म्हणून सांग ना, छान आहे," तो म्हणाला. घरी पोचेपर्यंत रामायण लंकेपर्यंत आलं होतं.

तुम्हीही जरूर जा. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी कमी असतं. भिजले तरी चालतील असे बूट न्या, आणि मुलांच्या प्रश्नांची तयारी ठेवा!