पाणी कुठून जाते ते आधी बघा

माउंटन बाइक म्हटली की समोरचा माणूस लगेच मनाली, लेह, स्पितीची नावे घेतो. पन्नास-साठ हजारांची सायकल घेऊन ती वर्षभर गॅलरीत उभी ठेवायची आणि मे महिन्यात आठवडाभर हिमालयात न्यायची, असा बऱ्याच जणांचा हिशेब. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून पहाटे निघालात तर नाश्त्याच्या वेळेला ज्या वाटांवर पोचता येते त्या या खेळासाठी अव्वल आहेत, हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. मी डोंबिवलीत राहते आणि डांबर सोडून सायकल कशी चालवायची हे शिकवते. माझ्या शिकवण्यातला पहिला धडा सायकलचा नसतोच, पाण्याचा असतो.

आधी जागेबद्दल. ठाणेकरांचा पहिला प्रश्न येऊरचा. उपवन तलावापासून पाटोणापाड्याकडे चढणारा रस्ता पहाटेपासून सायकलींनी गजबजलेला असतो. पाय आणि छाती तयार करायला तो चढ उत्तम. पण डांबर सोडून आत शिरलात की सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुरू होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, चाक तर नाहीच. कायदा बाजूला ठेवला तरी मी तिथे विद्यार्थी नेणार नाही. उतारावरची सायकल वेगात येते आणि तिचा आवाज होत नाही. चालणाऱ्याची चाहूल बिबट्याला लांबून लागते आणि तो वाटेतून बाजूला होतो. सायकल त्याला ती उसंत देत नाही.

म्हणून आम्ही बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या जलाशयाकडे वळतो. धरण एमआयडीसीने 1972 मध्ये बांधले. पुढे टप्प्याटप्प्याने भिंतीची उंची वाढली, बुडीत क्षेत्र वाढत गेले आणि मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोली, मोहघर अशा गावांच्या जमिनी गेल्या. हे पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होते आणि डोंबिवलीच्या निवासी एमआयडीसीपर्यंत येते. आमच्यापैकी अनेकांच्या बाटलीत जे पाणी असते त्याच्याच काठाने आम्ही सायकल मारतो. भिंत आणि धरणाचा परिसर संरक्षित आहे, तिकडे जायचे नाही. राखीव जंगलात वनखात्याला विचारल्याशिवाय शिरायचे नाही. आम्ही वापरतो त्या वाड्यापाड्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या गाडीवाटा. यातल्या काही जुन्या वाटा सरळ जलाशयात उतरतात. भाद्रपदात वाट जिथे संपल्यासारखी दिसते, तिथून पुढचा तुकडा वैशाखात उघडा पडतो.

आता जमिनीकडे वळू. आपल्याकडचा मुरूम म्हणजे ऊनपावसाने कुजलेला, झिजलेला काळा कातळ. खाली दगड टणक आणि वर त्याच दगडाचा सुटा चुरा. चाकाखाली तो बेअरिंगच्या छर्ऱ्यांसारखा वागतो. यावर पकड मिळवायची तर टायरला पसरायला जागा द्यावी लागते. शहरातल्या सवयीने लोक टायर दगडासारखे टणक भरतात, आणि मग सायकल प्रत्येक खड्यावर उडते. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 20 ते 22 आणि मागे 23 ते 25 पीएसआय हवा पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडाच्या धारेवर ती रिममध्ये चेपून फुटते. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांचे काय, असे कुणीतरी विचारतेच. टायरमधले सीलंट छोटी भोके स्वतःच बुजवते, फक्त आपल्या उन्हात ते लवकर सुकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावे लागते.

हवा बरोबर असली तरी नवखा माणूस पडतो, आणि बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पडतो. तीव्र उतार संपून वाट जरा सपाट होते, तिथे. कारण पाणी आहे. पावसाळ्यात उतारावरून धावणारे पाणी माती, वाळू, खडी घेऊन खाली येते. सपाटीला त्याचा वेग मोडतो आणि उचलून आणलेले सगळे ते तिथेच टाकते. वरच्या उतारावर धुऊन निघालेला टणक तळ असतो, तिथे पकड चांगली मिळते. तिथे माणूस घाबरून सायकल कशीबशी सोडतो, आणि सपाटी दिसल्यावर ‘सुटलो’ म्हणत दोन्ही ब्रेक करकचून दाबतो. चाक नेमके त्या सुट्या खडीवर असते. म्हणून वेग वरच, टणक तळावर, सरळ रेषेत कमी करायचा. पुढच्या ब्रेकवर एकच बोट, दोन्ही पेडल एका पातळीत, कोपरे बाहेर, नजर चाकाच्या बरीच पुढे. खडीचा पट्टा आला की बोट सैल सोडायचे आणि सायकलला जाऊ द्यायचे. वळणालाही हाच न्याय लागतो. ब्रेक वळणाआधी, वळणात नाही.

ब्रेकवरून या खेळाचा जन्म आठवतो. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथली तरुण मुले जुन्या, जाड टायरच्या सायकली वर न्यायची आणि मातीच्या रस्त्यावरून खाली सोडायची. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्याच परिसरात घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा, पेडल उलटे दाबले की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब खोलून नवे ग्रीस भरावे लागायचे. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोचलासुद्धा. वीस वर्षांत एवढी मजल!

या वेडाचा दुसरा परिणाम लवकरच दिसला. चाकांनी डोंगर उकरले जाऊ लागले, पायी चालणाऱ्यांनी तक्रारी केल्या, अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. त्या भांडणातून 1988 मध्ये इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन उभी राहिली आणि टिकाऊ वाट कशी आखायची याचे साधे नियम पुढे आले. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. डोंगर 30 टक्के उतरता असेल तर वाट 15 टक्क्यांच्या आत. पूर्ण वाटेची सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी तिला आडवे ओलांडून निघून जाते. आणि उतरत्या वाटेवर अधूनमधून एक छोटा उलटा चढ, म्हणजे चुकून वाटेवर आलेले पाणीही तिथून बाहेर पडते.

मुरबाडच्या शेतकऱ्याला हे सांगायला जाऊ नका. तो हसेल. गाडीवाटेवर तिरका चर खणून, त्याच्या खालच्या अंगाला दगड लावून पाणी शेजारच्या खाचरात उतरवणे हे तो करतच आला आहे. ज्या वाटांवर असे चर आहेत त्या वर्षानुवर्षे टिकतात. जिथे जेसीबीने सरळ उतारावर रस्ता ओढला, तिथे दोन पावसाळ्यांत मधोमध घळ पडते.

आणि इथेच आपला, सायकलवाल्यांचा, दोष येतो. ओल्या वाटेवर माणूस चालला तर पावलांचे सुटे ठसे उमटतात. प्रत्येकात थोडे पाणी साचते आणि मुरते. चाक मात्र सलग रेघ ओढते. उतारावरची सलग रेघ म्हणजे पाण्याला आयती पन्हळ. दहा सायकली एका ओळीत गेल्या की पुढच्या सरीला तिथून धावायला सोय होते. ‘मान्सून राइड’चे चिखलात माखलेले फोटो झकास दिसतात. मागे काय राहिले ते श्रावणानंतर तिथून डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या बाईला कळते. एका पाड्यावरच्या आजोबांनी मला सांगितले होते, “ताई, या वाटेनं आता नको जाव. पानी उतरू दे, मंग या.” माझ्या वर्गाचे वेळापत्रक या एका वाक्यावर चालते. चाकाची रेघ बोटाच्या पेरापेक्षा खोल उमटली की त्या दिवशी तिथून परत फिरायचे. पावसाळ्यात हौस भागवायला येऊरचा डांबरी चढ आहेच.

हा अंक हातात पडेल तोवर वाटा तयार झालेल्या असतील. सावलीतल्या कातळावरचे शेवाळ अजून निसरडे असेल. ओढ्याजवळ उतरून सायकल खांद्यावर घेण्यात कमीपणा नाही. कापलेला भात खळ्यावर जात असतो, बैलगाडी समोरून आली तर पाय टेकवून बाजूला थांबायचे. तुळशीच्या लग्नापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. फाल्गुनात वाळक्या गवताला वणवे लागू लागले की मी जलाशयाकडचे वर्ग थांबवते.

संगमनेरची प्रणिता सोमण राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदके जिंकते. सह्याद्रीच्या मुलामुलींत दम आहे, हे वेगळे सिद्ध करायला नको. ठाणे जिल्ह्यात मात्र सरावासाठी नियमाने आखलेली, परवानगीची, पाच-सात किलोमीटरची मातीची वाट हवी. वनखाते, ग्रामपंचायत आणि आम्ही सायकलवाले एकत्र बसलो तर ती होऊ शकते. चहा-भाकरीची आणि देखभालीची कामे पाड्यावरच्या पोरांना मिळतील. घाई करून जेसीबी मात्र बोलावू नका. जागा ठरली की पहिला पावसाळा छत्री घेऊन तिथे नुसते फिरा, पाणी कुठून येते, कुठे रेंगाळते, कुठून निसटते ते खुंट्या ठोकून नोंदवून ठेवा. कुदळ दसऱ्यानंतर.