शिलालेखातील हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या वसतिगृहात आयटीआय आणि डिप्लोमा हेच दोन शब्द कानी पडतात. मुसळगाव-माळेगावची औद्योगिक वसाहत जवळ असताना, घरी आई विड्या वळून संसार चालवीत असताना, हे स्वाभाविकच आहे. म्हणून पुरातत्त्वाचे नाव काढणाऱ्या मुलाला “त्यात पोट भरेल का?” असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या प्रश्नाशेजारी आम्ही आमचाही एक प्रश्न ठेवतो: आपला इतिहास वाचायचा कोणी?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना लोक सर्रास पांडवलेणी म्हणतात. तेथील ब्राह्मी लेखांत मात्र डोंगराचे ‘तिरण्हु’ हे नाव आणि भिक्खुसंघाला मिळालेली दाने कोरलेली आहेत. दहाव्या लेण्यातील लेखानुसार उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला 240; त्यातून 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. सातवीची मुले हे गणित फळ्यावर सोडवतात, तेव्हा राजघराण्याची ठेव सांभाळणारा विणकरही इतिहासात होता, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अभ्यासले. जातिसंस्थेवरील आपला निबंध त्यांनी 1916 साली मानववंशशास्त्राच्याच चर्चासत्रात वाचला. एका विषयात पाय रोवून दुसऱ्याचे दार उघडे ठेवता येते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी इतिहासाचीच पदवी लागते असे नाही. इतर शाखांच्या पदवीधरांनाही तेथे वाट आहे. उत्खननातील जळके धान्य वनस्पतिशास्त्र जाणणारा ओळखतो, हाडे प्राणिशास्त्राचा अभ्यासक. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950-51 साली उत्खनन झाले आणि ताम्रपाषाणयुगातील एका संस्कृतीला त्या गावाचेच नाव मिळाले. ते गाव आपल्या शेजारच्या तालुक्यातले आहे.

या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत, हे आम्ही लपवीत नाही. ज्याच्या शिरावर घर आहे, त्याने आधी हाताला काम देणारे शिक्षण घ्यावे. सोबत पाली आणि ब्राह्मी शिकावी. पालकांकडे आमचे मागणे लहानसे आहे. सहलीत मुलगी एखाद्या शिलालेखापाशी रेंगाळली, तर तिला घाईने पुढे ओढू नये.